गरम झाल्यावर ऑईल प्रेशर पडतंय? दाट ऑईल ओतायच्या आधी दांडीचा वास घ्या

आधी लक्षण नीट सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं तेच आहे का ते कळेल. सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारला की ऑईलचा काटा झटकन चार किलोवर जातो. पहिले पन्नास किलोमीटर काही तक्रार नसते. मग भरलेली गाडी घाट चढून वर आली, बाजूला घेतली, स्लोवर सोडली की काटा उतरत उतरत एकच्या खाली येतो आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की विझतो, पाय काढला की परत पेटतो. ऑईल बदललं की पंधरा दिवस गाडी शहाण्यासारखी वागते, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझी गाडी सहाचाकी ट्रक, ६९७ इंजिन, टर्बो नसलेलं. टाटांच्या या जुन्या इंजिनांच्या नावात पहिला आकडा सिलिंडरचा आणि पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे, मिलिमीटरमध्ये. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ चा बोअर. ४०७ मध्ये बसणारं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, बोअर तोच. मूळ घराणं मर्सिडीज-बेंझचं: ओएम ३५२, ९७ चा बोअर, १२८ चा स्ट्रोक, ५,६७५ सीसी. १९५४ ते १९६९ असा दोघांचा करार होता, त्याची ही लेकरं-नातवंडं. मुकाट्यानं ओझं ओढतात, म्हणूनच त्यांचे लाड कुणी करत नाही. गाडी कोल्हापुरातून गूळ-साखर घेऊन रत्नागिरीकडे उतरते आणि येताना जांभ्याचा चिरा भरून आंबा घाट चढते. चढताना इंजिन तापतं आणि वर चहाला थांबलं की तो दिवा.

तीन वेळा केलेली तीच चूक

पहिल्यांदा मिस्त्रींना दाखवलं. माणूस जुना, हाताला यश असलेला. इंजिनाला कान लावला आणि म्हणाले, "मालक, ऑईल पातळ पडतंय. दाट टाका, गप बसतंय बघा." तेव्हा १५डब्ल्यू-४० होतं (हा ऑईलच्या जाडीचा नंबर, पुढे सांगतो), ते काढून २०डब्ल्यू-४० घातलं. बसलं गप. पंधरा दिवस. मग २०डब्ल्यू-५० घातलं. ते तीन आठवडे टिकलं, म्हणून आम्हाला वाटलं आता रोग सापडला. चौथ्या आठवड्यात घाटमाथ्यावर परत लाल दिवा. मग ५० मध्येच तो दाट करणारा डबा ओतला, जो काउंटरवर पुढेच मांडून ठेवलेला असतो आणि उन्हात मधासारखा दिसतो. मधल्या काळात प्रेशर स्विच बदलला, काट्याला दाब कळवणारा सेंडर बदलला, वायरिंग तपासलं. शेवटी मिस्त्री म्हणाले की बिअरिंगं गेली, सीझन संपला की इंजिन उतरवू.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या डोक्यात आली नाही. प्रत्येक वेळी गुण आला तो ऑईल *नवं* होतं म्हणून. दाट होतं म्हणून नाही. पहिलंच १५डब्ल्यू-४० काढून तेच ऑईल नवं भरलं असतं तरी ते पंधरा दिवस तसेच छान गेले असते. आम्ही दर वेळी दोन गोष्टी एकदम बदलत होतो, ऑईलचं वय आणि ऑईलचा नंबर, आणि श्रेय नंबरला देत होतो.

तुमच्याकडेही "ऑईल बदललं की बरं, मग हळूहळू परत" असा क्रम असेल तर तो लिहून ठेवा. बिअरिंग झिजलेलं असेल तर ते नव्या ऑईलवरही पहिल्याच घाटात बोलतं. पंधरा दिवस दम धरत नाही. पंधरा दिवसांनी बिघडतंय म्हणजे त्या पंधरा दिवसांत *ऑईलचं* काहीतरी होतंय.

दांडी

आमच्या गाडीचं मागचं क्रँक सील जुनं आहे. रात्री जिथे उभी राहते तिथे सकाळी गिअरबॉक्सच्या जोडाखाली भाकरीएवढा डाग असतो. म्हणजे ऑईल कमी व्हायलाच हवं. तरीही चार-चार हजार किलोमीटर दांडीवर, म्हणजे ऑईलची पातळी मोजायच्या सळईवर, ऑईल फुलच्या खुणेला असायचं, आणि आमचे ड्रायव्हर कौतुकानं सांगायचे की आपली गाडी थेंब खात नाही. मीही चार लोकांत तेच सांगत होतो. खाली डाग आणि वर खूण तशीच, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायची अक्कल कुणालाच झाली नाही.

एका सकाळी, गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी असताना, मी स्वतः दांडी काढली. पुसली, परत घातली, काढली. फुलची खूण बुडून वर बोटभर ऑईल. ड्रायव्हरला विचारलं, क्लीनरला विचारलं, मिस्त्रींना फोन केला. कुणीच ओतलं नव्हतं. मग दांडी नाकाजवळ नेली. जळक्या ऑईलचा वास आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो, पण त्याच्या मागे तो दुसरा वास होता, टाकीचं झाकण उघडल्यावर येतो तसा. दांडीच्या टोकावरून थेंब घरंगळला तोही पाण्यासारखा, बोटावर धरेना.

खात्री करायला टिपकागदावर एक थेंब सोडला आणि संध्याकाळपर्यंत माळ्यावर ठेवला. मधे काळा गोल, त्याभोवती करडी कड, हे डिझेल इंजिनच्या कुठल्याही वापरलेल्या ऑईलचं दिसतं. पण त्याच्याही बाहेर एक फिकट पिवळसर, आरपार दिसणारं कडं पसरलं होतं, भज्यांच्या कागदाला पडतं तसं. ते डिझेल. जोडीला डब्यातल्या नव्या ऑईलचा एक थेंब शेजारी टाकून बघा, फरक लगेच कळतो. टिपकागद नसेल तर कुठलाही शोषून घेणारा पांढरा कागद चालतो. चकचकीत कागद घेऊ नका.

थोड्याशा डिझेलनं एवढा फरक का पडतो, त्याचा हिशोब बघा. १५डब्ल्यू-४० ऑईल १०० अंशांना साधारण साडेचौदा सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं. ४० नंबर म्हणवून घ्यायला किमान साडेबारा लागतात. डिझेल त्याच तापमानाला एकाच्या आसपास. शंभरात पाच भाग डिझेल मिसळलं की मिश्रण बाराच्याही किंचित खाली येतं. म्हणजे डब्यावर चाळीस लिहिलेलं ऑईल चेंबरमध्ये, इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीत, तिसाचं झालं. पंधरा लिटर ऑईल बसत असेल तर त्यासाठी फक्त पाऊण लिटर डिझेल पुरतं. एका बाजूनं सीलमधून ऑईल गळतंय, दुसऱ्या बाजूनं इंजिनाच्या डिझेल पंपातून डिझेल येतंय आणि दांडी म्हणतेय सगळं ठीक. आम्ही ५० घातलं तेव्हा तीन आठवडे गेले ते एवढ्याचसाठी: पन्नासचं चाळीस व्हायला थोडा जास्त वेळ लागला.

यात नुसत्या प्रेशरचा प्रश्न नाही. पातळी वर गेली की क्रँक ऑईलमध्ये आपटतो, फेस होतो, ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, ऑईल वर ओढलं जातं. फार वाढलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल पिऊन पळत सुटतं आणि स्टॉप ओढला तरी थांबत नाही. दांडीवर खुणेच्या वर ऑईल दिसलं तर गाडी रस्त्यावर काढू नका, हे मी जरा दरडावूनच सांगतो.

डिझेल आलं कुठून

जुन्या गाड्यांना नोझलकडे डिझेल ढकलणारा इनलाइन पंप असतो. त्याच्या कॅमबॉक्सला, म्हणजे खालच्या पेटीला, काही गाड्यांत स्वतःचं वेगळं ऑईल असतं, काहींत इंजिनच्याच ऑईलची लाईन येते. माझ्या गाडीत इंजिनची लाईन आहे. पंपाचे एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि त्याची बॅरल, झिजले की डिझेल वर नोझलकडे जाण्याऐवजी थोडं खाली कॅमबॉक्समध्ये झिरपतं आणि तिथून परतीच्या वाटेनं चेंबरमध्ये. पंपाला चिकटलेला फीड पंप, ज्यावर आपण हातानं प्राइम करतो, त्याचा दांडा झिजला तरी हेच होतं. कॅमबॉक्सचं ऑईल वेगळं असेल तर डिझेल चेंबरमध्ये येत नाही, पंपाच्याच भोकातून बाहेर ठिबकतं, आणि तो प्रकार एका अर्थी बरा, कारण दिसतो तरी.

दुसरी जागा नोझल, सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं. नोझल नीट फवारा मारण्याऐवजी टपटपत असेल तर न जळलेलं डिझेल लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्यावरून, खाली उतरतं आणि उतरताना लायनरवरची ऑईलची फिल्मही धुऊन नेतं. अशी गाडी सकाळी पांढरा धूर टाकते आणि एखादा सिलिंडर खडखडतो. तिसरी जागा काही इंजिनांतच असते: नोझलचा रिटर्न पाइप इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या आत असेल आणि त्याचा जोड सैल झाला असेल. कव्हर उघडून स्लोवर दोन मिनिटं बघितलं की कळतं, आणि वॉशर बदलला की संपतं.

आमच्या गाडीचा पंप टेस्ट बेंचवर चढवला तेव्हा एलिमेंट आणि फीड पंप दोन्ही गेलेले निघाले. नवे एलिमेंट, डिलिव्हरी व्हॉल्व्ह, कॅलिब्रेशन, सहाही नोझल सेट. तीन वेळा ओतलेलं ऑईल, तो मधाचा डबा आणि फुकटचे सेंडर यांच्या पैशात बरंचसं काम झालं असतं.

मग ऑईल काढलं, फिल्टर बदलला, नवं १५डब्ल्यू-४० भरलं. तेच, जे पहिल्या दिवशी होतं.

तुमच्याकडे डिझेलचा वास नसेल तर

तर मग पुढे जा, पण या क्रमानं. आधी काटा खरं बोलतोय का ते बघा. सेंडर काढून त्याच जागी हातातला मेकॅनिकल गेज लावा आणि गाडी पूर्ण गरम करून वाचा. उभ्या गाडीवर दहा मिनिटं चालवून वाचलेल्या आकड्याला अर्थ नाही. चेंबर हातानं धरवणार नाही इतकी गरम व्हायला हवी. जुना ढोबळ नियम असा की हजार आरपीएममागे दहा पीएसआय मिळावेत. तो स्लोला लावला तर पाच-सात पीएसआय, म्हणजे किलोच्या गेजवर अर्धाच. त्यामुळे गरम स्लोवर काटा एकच्या जरा खाली आला म्हणून लगेच छातीत धडकी भरवून घेऊ नका. चालत्या गाडीत तो किती राहतो ते बघा, आणि तुमच्या गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा शेवटचा माना.

दांडीवर किंवा ऑईलच्या झाकणाखाली चहात दूध घातल्यासारखा रंग असेल तर पाणी आलंय: हेड गॅसकेट, ऑईल कूलर, लायनरच्या रबरी रिंगा. तव्यावर थेंब टाकला की तडतडतो. झाकणाखालचा थोडासा पांढरा साय-थर मात्र फसवा असतो. सीझन संपून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हवेतला ओलावाच तेवढं करतो. गाडी एकदा लांब पल्ल्याला नेली की तो जातो. जात नसेल तर समजा.

फिल्टर. सगळ्यात स्वस्त फिल्टर बसवून महाग ऑईल भरणारे लोक मी पाहिलेत, आणि एकेकाळी त्यात मीही होतो. जुना फिल्टर फेकू नका, कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. तांबूस-सोनेरी चकाकी दिसली तर बिअरिंगचं आवरण सुटतंय. चुंबकाला चिकटणारी राख लोखंडाची, म्हणजे लायनर, रिंगा किंवा क्रँक. हे दिसत असेल तर तुमचे मिस्त्री बरोबर आहेत आणि मी गप्प बसतो. याहून नेमकं हवं असेल तर वापरलेल्या ऑईलचा नमुना प्रयोगशाळेत देता येतो. अहवालात शिसं-तांबं वाढलेलं दिसलं तर बिअरिंग, क्रोमियम वाढलं तर रिंगा, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरच्या पाइपातून धूळ आत जातेय, सोडियम-पोटॅशियम दिसलं तर कूलंट. एकच गाडी असेल तर कापलेला फिल्टर पुरतो. चार-पाच असतील तर हा खर्च पाण्यात जात नाही.

आणि काहींची तक्रार उलटी असते: प्रेशर ठीक, पण गाडी ऑईल खाते. निळा धूर, ब्रीदरला बॅक कॉम्प्रेशन (तिथून जोरात बाहेर येणारा धूर), हे सगळ्यांना माहीत आहे. एक जागा मात्र हमखास विसरली जाते, ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर. एअर टँकचा ड्रेन उघडा. पाण्याबरोबर ऑईल भसकन बाहेर आलं तर इंजिनाला दोष देऊ नका. कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्यात आणि तुमचं ऑईल ब्रेकच्या हवेतून बाहेर चाललंय. इंजिन उतरवण्यापुढे हे काम किरकोळ आहे.

आता ऑईल कुठलं

डब्यावरच्या दोन गोष्टी वाचायच्या, बाकी सिंह-वाघ-घोड्याची चित्रं सोडून द्यायची.

पहिली, जाडीचा नंबर. १५डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू हा हिवाळ्याचा. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत सेल्फ मारताना ऑईल किती जड होतं ते सांगतो. १५डब्ल्यूची ती परीक्षा उणे वीस अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे पंधराला. आंबा घाटात उणे पंधरा झालं तर ऑईलपेक्षा मोठे प्रश्न उभे राहतील. पुढचा आकडा गरम इंजिनातला, आणि इथे मिस्त्रींच्या पहिल्या सल्ल्यातली गंमत आहे: १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४० ही दोन्ही १०० अंशांना एकाच पट्ट्यात बसतात, साडेबारा ते १६.३. गरम इंजिनात दोघं सख्खे भाऊ. पंधराचं वीस करून "दाट" काही होत नाही. पन्नास मात्र खरंच दाट, १६.३ ते २१.९.

मग पन्नास का नको? कारण काटा दाब दाखवतो, बिअरिंगपर्यंत किती ऑईल पोचलं ते दाखवत नाही. दाट ऑईल जागोजागी अडतं म्हणून दाब वाढतो. पहाटे थंड इंजिनात ते वर टॅपेटपर्यंत उशिरा पोचतं, आणि फिल्टरमधून पुढे सरकेना म्हणून बायपास व्हॉल्व्ह उघडतो, म्हणजे ते पहिले काही क्षण न गाळलेलंच ऑईल फिरतं. इंजिनाची सगळ्यात जास्त झीज त्याच वेळी होत असते. पन्नास मी फक्त एकाच परिस्थितीत मान्य करीन: डिझेल नाही, पाणी नाही, मेकॅनिकल गेजवर प्रेशर खरंच कमी, फिल्टरमध्ये चकाकी, आणि उसाचा सीझन अर्ध्यावर असल्यामुळे गाडी दोन महिने तरी ओढायचीच आहे. तेव्हा घाला, पण डिझेलच्या ग्रेडचं. मोटारसायकलचं २०डब्ल्यू-५० नाही. असं कोण करतं असं वाटेल तर कुठल्याही हायवेच्या टपरीवर अर्धा तास बसा.

ती ग्रेड म्हणजे दुसरी गोष्ट, एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं ठरवलेली. एसनं सुरू होणारी अक्षरं पेट्रोलची, सीनं सुरू होणारी डिझेलची. डिझेलचं ऑईल काजळी पोटात धरून ठेवायला बनवलेलं असतं, म्हणूनच ते पाचशे किलोमीटरमध्ये काळं होतं. काळं झालं म्हणून बदलू नका, ते त्याचं कामच करतंय. आपल्या जुन्या इंजिनांच्या पुस्तकात सीडी, सीएफ-४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सीएफ-४ हे १९९० चं. त्यानंतर १९९८ चं सीएच-४, २००२ चं सीआय-४ आणि त्याचं सुधारलेलं सीआय-४ प्लस. पुढची ग्रेड मागच्या इंजिनाला चालते, म्हणून सीएफ-४ सांगितलेल्या इंजिनात मी डोळे झाकून सीआय-४ प्लस घालतो. किमतीत फार फरक नाही, काजळी जास्त पेलतं. २०१६ च्या अखेरीला आलेलं सीके-४ सुद्धा चालेल, पण ते डीपीएफवाल्या, म्हणजे सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी गाळणी असलेल्या, नव्या गाड्यांसाठी कमी राखेचं बनवलेलं आहे. आपल्या गाडीला सायलेन्सरच धड नसतो, तर त्याचे पैसे का मोजा. त्याच वेळी आलेलं एफए-४ मात्र चुकूनही नको. ते मुद्दाम पातळ, तिसाच्या नंबरात असतं आणि मागच्या इंजिनांना चालत नाही. उलट्या बाजूला, काही जुने ड्रायव्हर अजून नुसत्या ४० नंबरच्या एकेरी ऑईलवर अडून बसतात. कोकणाच्या हवेत ते चालून जातं हे खरं, पण बहुतेक डबे सीएफच्याही खालच्या ग्रेडचे असतात. जनरेटरला घाला.

जुने लोक टीबीएनचा, म्हणजे ऑईलमधल्या क्षाराच्या आकड्याचा, आग्रह धरतात, त्यात एकेकाळी तथ्य होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये एक टक्का, म्हणजे १०,००० पीपीएमपर्यंत गंधक चालायचं. त्याचं आम्ल मारायला ऑईलमध्ये भरपूर क्षार लागायचा. २०१७ पासून देशभर ५० पीपीएम, एप्रिल २०२० पासून १०. त्यामुळे आज पंपावरचं डिझेल भरणाऱ्याला त्या बाबतीत कुठलंही बरं ऑईल पुरतं. रस्त्याकडेच्या टँकरमधलं स्वस्त "बायोडिझेल" भरत असाल तर मात्र वरचं काहीच लागू नाही. ते चेंबरमध्ये उतरलं तर साध्या डिझेलसारखं उडूनही जात नाही, तिथेच मुक्काम करतं.

सिंथेटिक विचारणारे असतात. चालतं, सील खाऊन टाकतं वगैरे जुन्या गप्पा. पण ते लांब पल्ल्याच्या बदलीसाठी घ्यायचं असतं, आणि काजळी करणाऱ्या जुन्या इंजिनात तुम्हाला ते लवकर बदलावंच लागणार. साधं मिनरल घ्या आणि वेळेवर बदला.

वेळेवर म्हणजे कधी? पुस्तकातला आकडा वरची मर्यादा माना. साखर कारखान्याच्या रांगेत किंवा खाणीवर तासन्‌तास चालू ठेवलेल्या गाडीचे किलोमीटर मोजून उपयोग नाही, तास मोजा. आणि वर्षानुवर्षं लूज, म्हणजे सुट्या, ऑईलवर चाललेल्या इंजिनात पहिल्यांदा चांगलं ऑईल भरलंत तर पहिला फिल्टर अर्ध्या वाटेतच बदला. नवं ऑईल जुनी घाण सोडवतं आणि ती सगळी फिल्टरमध्ये येऊन बसते. आमच्या एका पाहुण्यांनी तो बदलला नाही, आणि मग "भारी ऑईलनं प्रेशर घालवलं" म्हणून गावभर सांगत फिरले.

डबा घेताना सील बघा, आणि रिकामा डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला स्क्रूड्रायव्हरनं भोक पाडा. तुमचाच डबा पुन्हा भरून तुम्हालाच मिळू नये म्हणून.

पंपाचं काम झाल्यावर महिन्याभरानं ड्रायव्हरांचा आंब्याहून फोन आला. आवाज पडलेला. "मालक, काटा दीडवर उभा हाय, दिवा काय लागला न्हाई. पण एक वंगाळ झालंय. गाडी ऑईल खायला लागली. दांडीवर अर्धा लिटर कमी दिसतंय." मी म्हटलं, "क्रँकचं सील गळतंय, तेवढं कमी होणारच. अर्धा लिटर ओता आणि या."